थायलंडमधील गांजाचे निर्गुन्हेगारीकरण आणि फेरनियमन : एक चिकित्सा

प्रस्तावना

दि. ९ जून २०२२ रोजी थायलंडने गांजा ही वनस्पती अमली पदार्थांच्या यादीतून वगळली. असे पाऊल उचलणारे आशियातील पहिले राष्ट्र म्हणून त्या देशाचा जगभर उल्लेख झाला. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, दि. २६ जून २०२५ पासून, त्याच देशात गांजाचे फूल विकत घेण्यासाठी वैद्यकीय चिठ्ठी सक्तीची करण्यात आली. या दोन तारखांच्या दरम्यान जी चर्चा झाली, ती मुख्यतः ‘गांजा चांगला की वाईट’ या प्रश्नाभोवती फिरत राहिली. एका बाजूने सार्वजनिक आरोग्याचा आणि तरुण पिढीचा मुद्दा मांडला गेला, तर दुसऱ्या बाजूने शेतकऱ्यांच्या उपजीविकेचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा.

प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांची तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, थायलंडचा खरा दोष गांजाला मुभा देण्यातही नाही आणि ती आवळण्यातही नाही. मुभा आणि निर्बंध हे दोन्ही निर्णय संसदीय कायद्याऐवजी मंत्रालयाच्या अधिसूचनेने अमलात आले, हा तो दोष आहे. मंत्र्याच्या एका स्वाक्षरीने मिळालेला हक्क दुसऱ्या स्वाक्षरीने जाऊ शकतो, आणि त्याची किंमत शेतकरी, रुग्ण व सामान्य नागरिक यांना मोजावी लागते.

संज्ञांची स्पष्टता

या विषयावरील बरेचसे लेखन संज्ञांच्या गोंधळामुळे दिशाहीन होते. ‘गांजा कायदेशीर झाला’ हे वाक्य वृत्तपत्रांत सर्रास वापरले जाते. पण त्याखाली किमान तीन वेगळ्या अवस्था दडलेल्या असतात. पहिली अवस्था निर्गुन्हेगारीकरणाची. यात एखादी कृती गुन्ह्याच्या कक्षेतून वगळली जाते, मात्र तिच्या व्यापाराला राज्याची मान्यता असतेच असे नाही. दुसरी अवस्था वैधीकरणाची. यात उत्पादन व विक्री यांना उघड मान्यता मिळते. तिसरी अवस्था नियमनाची. म्हणजे कोणी पिकवावे, कोणी विकावे, कोणाला विकावे, किती तीव्रतेचे विकावे आणि नियम मोडल्यास काय शिक्षा व्हावी, याची निश्चित चौकट.

या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडतातच असे नाही. नेदरलँड्सने १९७६ च्या अफू कायद्यातील दुरुस्तीनंतर किरकोळ विक्रीकडे काणाडोळा करण्याचे धोरण स्वीकारले. परंतु दुकानाला माल पुरवणे हा गुन्हाच राहिला. दर्शनी दाराने वैध आणि मागील दाराने अवैध अशी ही विसंगती तेथे अनेक दशके टिकून राहिली. उलट उरुग्वेने डिसेंबर २०१३ मध्ये आणि कॅनडाने २०१८ मध्ये संसदेकडून स्वतंत्र कायदा संमत करून घेतला व मगच विक्री सुरू केली. थायलंडने या दोन्हींपेक्षा निराळा मार्ग धरला. तेथे पहिली अवस्था एका दिवसात आली, दुसरी आपोआप घडली आणि तिसरी तुकड्यातुकड्यांनी मागाहून जोडण्यात आली.

घटनाक्रम आणि त्याचा अन्वयार्थ

थाई भाषेत गांजाला ‘कांचा’ म्हणतात आणि हा शब्द भारतीय ‘गांजा’चेच रूप आहे. पारंपरिक थाई औषधपद्धतीत आणि स्वयंपाकात या वनस्पतीला पूर्वापार स्थान होते. १९७९ च्या अमली पदार्थ कायद्याने तिची गणना पाचव्या श्रेणीत केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये या कायद्यातील दुरुस्तीने वैद्यकीय वापर व संशोधन यांस परवानगी मिळाली. ही परवानगी विधिमंडळाने दिली होती, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

पुढील टप्पा राजकीय होता. मार्च २०१९ च्या निवडणुकीत भुमजाईथाई या पक्षाने प्रत्येक कुटुंबाला सहा झाडे लावण्याची मुभा देण्याचे आश्वासन दिले. ग्रामीण ईशान्य भागात प्रभाव असलेल्या या पक्षाचे नेते अनुतिन चार्नवीराकुल त्याच वर्षी सार्वजनिक आरोग्यमंत्री झाले. डिसेंबर २०२१ मध्ये नवी अमली पदार्थ संहिता लागू झाली. तिच्यात गांजाचा नामोल्लेख नव्हता; कोणता पदार्थ पाचव्या श्रेणीत राहील हे ठरवण्याचा अधिकार अधिसूचनेकडे आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तशी अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध झाली व १२० दिवसांनी, म्हणजे ९ जून रोजी, ती अमलात आली. वजनाच्या ०.२ टक्क्यांहून अधिक टीएचसी (नशा आणणारा घटक) असलेले अर्क तेवढे अमली पदार्थ म्हणून कायम राहिले. गांजाच्या गुन्ह्यांत अटकेत असलेल्या तीन हजारांहून अधिक व्यक्तींची सुटका झाली आणि आरोग्य मंत्रालयाने दहा लाख रोपे मोफत वाटण्याची घोषणा केली.

नियमनाचा स्वतंत्र कायदा मात्र तयार नव्हता. गांजाविषयक विधेयकाचे पहिले वाचन ८ जून रोजी, मुभा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, संमत झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये ते फेरविचारार्थ समितीकडे परत गेले आणि मार्च २०२३ मध्ये संसद विसर्जित होईपर्यंत मंजूर होऊ शकले नाही. ही पोकळी भरून काढण्यासाठी मंत्रालयाने मिळेल त्या जुन्या कायद्याचा आधार घेतला. धुराच्या वासाला सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली उपद्रव ठरवले गेले. पारंपरिक थाई औषधज्ञानाच्या संरक्षणासाठी १९९९ मध्ये केलेल्या कायद्याखाली गांजाला ‘नियंत्रित वनौषधी’ घोषित करून वीस वर्षांखालील व्यक्ती, गर्भवती आणि स्तनदा माता यांना विक्री करण्यास मनाई केली गेली. वनौषधींच्या ज्ञानाचे जतन करण्यासाठी केलेल्या कायद्यावर एका मोठ्या व्यापाराच्या नियमनाचा भार पडला. तो त्याला पेलला नाही यात नवल नाही. परवानाधारक दुकानांची संख्या पुढे सुमारे अठरा हजारांवर गेली.

कठोर नियमनाच्या बाजूचे युक्तिवाद

या बाजूचा पहिला युक्तिवाद तरुणांच्या आरोग्याचा आहे आणि तो गंभीरपणे घ्यावयास हवा. पौगंडावस्थेत सुरू झालेला व वारंवार होणारा गांजाचा वापर आणि मनोविकृतीचा धोका यांतील संबंध वैद्यकीय साहित्यात दीर्घकाळ नोंदला गेला आहे. टीएचसीची तीव्रता वाढते तसा तो धोकाही वाढतो. मात्र या युक्तिवादातून निघणारा निष्कर्ष वयोमर्यादेची काटेकोर अंमलबजावणी, तीव्रतेची मर्यादा आणि जाहिरातबंदी हा आहे. वयोमर्यादा २०२२ पासूनच अस्तित्वात होती. ती पाळली जात नसेल, तर दोष तपासणी यंत्रणेचा ठरतो. आणि त्याच यंत्रणेवर चिठ्ठी तपासण्याचे नवे काम सोपवून तो दूर होत नाही.

दुसरा युक्तिवाद तस्करीचा. ब्रिटनसह अनेक देशांच्या विमानतळांवर थायलंडहून आलेला गांजा मोठ्या प्रमाणात पकडला गेला, हे खरे आहे. परंतु विनापरवाना निर्यात ही मुभेच्या काळातही बेकायदेशीरच होती. उत्पादन देशांतर्गत मागणीपलीकडे गेले, भाव कोसळले आणि शिल्लक माल परदेशाकडे वळला. कारण कोणी किती पिकवावे याची मर्यादा घालणारा कायदाच नव्हता. तस्करीचे मूळ शेतात आहे. दुकानाच्या गल्ल्यावर चिठ्ठी मागून त्या मुळापर्यंत पोहोचता येत नाही. २०२५ च्या अधिसूचनेत प्रमाणित शेतांतूनच माल घेण्याची अट आहे. या दृष्टीने ती अट चिठ्ठीच्या अटीपेक्षा अधिक महत्त्वाची आहे, पण चर्चेत तिला दुय्यम स्थान मिळाले.

विरोधी बाजूचे युक्तिवाद

निर्बंधांना विरोध करणारे मद्य व तंबाखूशी तुलना करतात. या दोन्हींमुळे होणारी हानी मोठी असूनही ती उघड विकली जातात, मग गांजावरच बंधन का, असा त्यांचा सवाल असतो. हा सवाल राज्याच्या विसंगतीवर नेमके बोट ठेवतो. तथापि एका हानिकारक पदार्थाबाबतचे शैथिल्य हे दुसऱ्याबाबतच्या शैथिल्याचे समर्थन होऊ शकत नाही. मद्याची तुलना प्रामाणिकपणे केली, तर ती परवाना, वेळ, वय आणि कर यांच्या नियमांकडेच नेते.

उपजीविकेचा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. शासनाने स्वतः रोपे वाटली, लागवडीला प्रोत्साहन दिले आणि दुकानांना परवाने दिले. त्या भरवशावर ज्यांनी कर्ज काढून हरितगृहे उभारली, त्यांची अपेक्षा केवळ व्यापारी लोभ म्हणून झटकून टाकता येत नाही. राज्याने निर्माण केलेल्या रास्त अपेक्षेचा मान राखणे हे प्रशासकीय न्यायाचे मूलतत्त्व आहे. मात्र या बाजूनेही एक संदिग्धता सोयीस्करपणे जपली. ‘वैद्यकीय हेतू’ हे मुभेचे अधिकृत कारण होते, तर पर्यटनस्थळांतील दुकानांचा बराचसा धंदा निव्वळ मौजेखातर होणाऱ्या सेवनावर चालत होता. मंत्रालयाला हे दिसत नव्हते असे म्हणता येणार नाही. जे उघडपणे मान्य केले नाही, त्याचे नियमनही उघडपणे करता आले नाही.

अधिसूचनेचे राज्य

मे २०२४ मध्ये तत्कालीन पंतप्रधान श्रेत्था थाविसिन यांनी गांजा वर्षअखेरीपर्यंत पुन्हा अमली पदार्थांच्या यादीत घालण्याचे निर्देश दिले. जुलैमध्ये भुमजाईथाई या घटकपक्षाच्या विरोधामुळे तो विचार मागे पडला व नियमनाचा कायदा करण्याचे ठरले. तो कायदा झाला नाही. दि. १८ जून २०२५ रोजी भुमजाईथाईने सरकारचा पाठिंबा काढून घेतला आणि त्यानंतर आठवड्याभरात आरोग्यमंत्री सोमसाक थेपसुतिन यांची चिठ्ठी सक्तीची अधिसूचना राजपत्रात आली. अशा निर्बंधाचा मनोदय त्याआधीच व्यक्त झाला होता, हे नोंदवणे न्याय्य ठरेल. तरीही अडसर दूर होताच तो अमलात आला, ही बाब दुर्लक्षिता येत नाही. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये अनुतिन चार्नवीराकुल स्वतःच पंतप्रधान झाले.

या क्रमातून एकच गोष्ट ठळकपणे दिसते. गांजाची कायदेशीर स्थिती वैद्यकीय पुराव्याबरोबर बदलली नाही. ती आघाडीतील बलाबलाबरोबर बदलली. २०२५ च्या अधिसूचनेनुसार डॉक्टर, पारंपरिक वैद्य, औषधनिर्माते, दंतवैद्य अशा सात प्रकारच्या व्यावसायिकांना चिठ्ठी देता येते आणि एका वेळी तीस दिवसांपुरताच माल मिळतो. इतक्या विस्तृत वर्गाला चिठ्ठीचा अधिकार असेल, तर चिठ्ठी हे वैद्यकीय परीक्षणाऐवजी प्रवेशशुल्क ठरण्याचा धोका आहे. नियम कठोर दिसतो, पण तो कोणत्या हेतूसाठी आहे याचे उत्तर अधिसूचनेत सापडत नाही, कारण हेतू ठरवणारी संसदीय चर्चाच पूर्णत्वास गेली नाही.

भारतीय संदर्भ

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. बँकॉकहून मुंबईत उतरणाऱ्या प्रवाशांकडून ‘हायड्रोपोनिक’ (मातीविना वाढवलेला) गांजा जप्त झाल्याच्या घटना २०२४ आणि २०२५ मध्ये वारंवार घडल्या. जो पदार्थ बँकॉकच्या दुकानात पावतीसह मिळत होता, त्याचाच साठा मुंबईत १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली येतो. २० किलो ही व्यापारी मात्रेची मर्यादा ओलांडल्यास किमान दहा व कमाल वीस वर्षांची सक्तमजुरी होऊ शकते. परदेशातील धोरणाच्या बातम्या अर्धवट वाचून ‘तिकडे चालते’ असे मानणाऱ्या महाविद्यालयीन वयातील तरुणाला हा फरक कोणी तरी समजावून सांगणे आवश्यक आहे.

आपल्या कायद्यातही विसंगती आहे. गांजाच्या व्याख्येतून शेंड्यांविना असलेली पाने व बिया वगळल्यामुळे भांग केंद्रीय कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने गांजाला १९६१ च्या करारातील सर्वांत कठोर अशा चौथ्या अनुसूचीतून २७ विरुद्ध २५ मतांनी वगळले, तेव्हा भारताने बाजूने मत दिले. परंतु त्या मतामागील भूमिकेची देशात फारशी चर्चा झाली नाही.

याउलट एक जुने उदाहरण आठवणे उपयुक्त ठरेल. ब्रिटिश संसदेत उपस्थित झालेल्या प्रश्नानंतर १८९३ मध्ये नेमलेल्या भारतीय गांजा-भांग चौकशी आयोगाने देशभरातील ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले आणि १८९४ च्या अहवालात संपूर्ण बंदीऐवजी कर, परवाना व मर्यादित लागवड यांची शिफारस केली. वसाहतकालीन महसुलाचा हितसंबंध त्या शिफारशीत होता, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही आधी चौकशी आणि मग धोरण हा त्याचा क्रम आजही अनुकरणीय आहे. थायलंडमध्ये हा क्रम उलटा झाला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. निर्गुन्हेगारीकरण आणि नियमन या एकाच निर्णयाच्या दोन बाजू असल्या, तरी त्या आपोआप एकत्र येत नाहीत. नियमनाची चौकट आधी तयार नसेल, तर बाजारपेठ स्वतःचे नियम घडवते आणि मागाहून आलेला प्रत्येक नियम अन्यायकारक वाटतो.

२. थायलंडमधील निर्बंधांचे समर्थन करताना मांडलेली आरोग्य व तस्करीची कारणे खरी आहेत. परंतु योजलेला उपाय त्या कारणांना पुरेसा भिडत नाही.

३. विरोधकांचा उपजीविकेचा मुद्दा रास्त आहे. परंतु ‘वैद्यकीय’ या शब्दाआड मौजेखातर चालणारा व्यापार झाकण्याची किंमत त्यांनाही मोजावी लागली.

४. भारतात वैद्यकीय किंवा औद्योगिक वापरासाठी गांजाविषयक नियम शिथिल करण्याची मागणी पुढे येईल, तेव्हा किती सूट द्यावी या प्रश्नाआधी ती कोणत्या मार्गाने द्यावी हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

२०२२ मध्ये तीन हजारांहून अधिक माणसे तुरुंगाबाहेर आली, ही थायलंडच्या धोरणाची सर्वांत मोठी मिळकत होती. पुन्हा कोणी तशाच कृतीसाठी आत जाणार नाही, याची हमी केवळ अधिसूचना देऊ शकत नाही. ती हमी देणारा कायदा करणे हे संसदेचे काम होते आणि जून २०२५ मधील निर्बंधांपर्यंत ते झालेले नव्हते.