सुमेरू खोटा, म्हणून येशू खरा?

गेल्या पर्युषणात स्वाध्याय आटोपल्यावर आम्ही बायका ओट्यावर बसलो होतो. देवानं सहा दिवसांत जग घडवलं असं ख्रिस्ती लोक मानतात, असं कुणीतरी सांगितलं. सगळ्या हसल्या, मीही हसले. तेवढ्यात पाठशाळेतल्या एका मुलीनं विचारलं, "मग आपल्या जंबूद्वीपावर दोन सूर्य कसे?" हसू थांबलं. एक म्हणाली, "विज्ञान काय, रोज बदलतं." दुसरी म्हणाली, "शास्त्रज्ञांना मरण थांबवता आलंय का?" मुलगी गप्प बसली. पण तिला उत्तर मिळालं नव्हतं, तिचं तोंड तेवढं बंद केलं होतं.

मला आठवली ती 'मतपरीक्षा'. कंपनी सरकारात अधिकारी असलेल्या जॉन म्यूरनं 1839 मध्ये हा संस्कृत ग्रंथ काढला. खरा धर्म ओळखायच्या त्यानं तीन कसोट्या सांगितल्या: संस्थापकाचे चमत्कार, ग्रंथाचं पावित्र्य आणि सर्व माणसांसाठी असणं. या कसोट्यांवर ख्रिस्ती धर्मच उतरतो, असा त्याचा निष्कर्ष.

पहिली कसोटीच तपासून पाहू. चमत्कार झाले हे कळतं कशावरून? ग्रंथावरून. ग्रंथ खरा कशावरून? चमत्कारांवरून. याला आपल्याकडे अन्योन्याश्रय म्हणतात. शिवाय चमत्कार आपल्या पुराणांतही आहेत, तीर्थंकरांच्या चरित्रांतही आहेत. जो हेतू दोन्ही बाजूंना लागू पडतो, त्याला माणिक्यनंदी आचार्यांच्या 'परीक्षामुखा'त अनैकांतिक हेत्वाभास म्हटलंय. हेत्वाभास म्हणजे दिसायला कारण, पण असायला नाही.

विज्ञानाचा मुद्दा त्याच काळात निघाला. पुराणांतला मेरू, सात समुद्र भूगोलानं खोटे ठरले की हिंदूंचा धर्म कोसळेल आणि ख्रिस्ती धर्माची वाट मोकळी होईल, असं पुष्कळ मिशनऱ्यांना वाटे. यात एक नाही, दोन उड्या आहेत. भूगोल चुकला म्हणून सगळा धर्म चुकला, ही पहिली. एक चुकला म्हणून दुसरा बरोबर, ही दुसरी. जणू जगात धर्म दोनच! आणि हीच फूटपट्टी स्वतःला लावायची, तर 1633 मध्ये पृथ्वी फिरते म्हणणाऱ्या गॅलिलिओला चर्चनं शिक्षा दिली, त्याच दिवशी ख्रिस्ती धर्मही कोसळायला हवा होता. आजही काही जण गॅलिलिओचं नाव घेऊन तसंच म्हणतात. तीही तीच उडी, फक्त उलट्या बाजूनं.

पहिल्या उडीला उत्तर आपल्याच मध्य प्रदेशातून मिळालं. सिहोरला लॅन्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पाठशाळेत सुबाजी बापू नावाचे पंडित होते. त्यांनी 1836 मध्ये मराठीत 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' लिहिला. पुराणांचं, भास्कराचार्यांचं आणि कोपर्निकसचं अशी तिन्ही मतं समोर ठेवली आणि कोपर्निकसचं मान्य केलं. पण स्वतःचा धर्म सोडला नाही. 'मतपरीक्षे'ला सोमनाथ या नावानं उत्तर देणारेही तेच, असं अभ्यासक मानतात.

दुसरे उत्तर देणारे नीळकंठशास्त्री गोऱ्हे, काशीतले मराठी पंडित. त्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णया'त विचारलं की मुक्या जनावरांनी कोणतं पाप केलं म्हणून ती दुःख भोगतात? प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा. पुढे 1848 मध्ये त्यांनीच बाप्तिस्मा घेतला, नेहेमिया झाले आणि हिंदू दर्शनांवर टीका करणारा 'षड्दर्शनदर्पण' लिहिला. मग लोक म्हणणार, बाटला, त्याचं काय ऐकायचं? किंवा, शेवटी तेही पटले, म्हणजे आधीचं चूकच. दोन्हीत माणूस तोलला जातो, म्हणणं नाही. जनावरांचा प्रश्न विचारणारा कुठेही गेला, तरी प्रश्न जागेवरच आहे.

पोप बारावे पायस यांनी 1951 मध्ये विश्वाच्या महास्फोटात देवाच्या निर्मितीची खूण पाहिली. त्या सिद्धांताचे जनक जॉर्ज लेमेत्र स्वतः पाद्री, पण त्यांना ही सांगड पटली नाही. आपल्या बाजूचा पुरावा वाटत असतानाही हात आखडता घ्यायचा, हे फार थोड्यांना जमतं.

आता ओट्यावर परत येऊ. "विज्ञान बदलतं" म्हणून दोन सूर्य सिद्ध होत नाहीत. मरणाचा मुद्दा तर निव्वळ विषयांतर. हेच सहा दिवसांच्या निर्मितीसाठी कुणी ख्रिस्ती बाई म्हणाली असती, तर आम्ही पुन्हा हसलो असतो. आणि त्या मुलीचा प्रश्न नवा नाही. सिद्धांतशिरोमणीत, म्हणजे 1150 मध्ये, भास्कराचार्यांनी जैनांना तोच विचारलाय: ध्रुवाजवळच्या तारका एका दिवसात पुरी फेरी करताना दिसतात, मग सूर्य दोन कशाला हवेत? त्यांच्या नातवाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे, आपल्या दापोऱ्याहून फार लांब नाही. आणि 'परीक्षामुख'च सांगतं की जे प्रत्यक्षानं बाधित झालं, त्यासाठी दिलेला हेतू अकिंचित्कर, काही न करणारा. आपल्याच आचार्यांचा नियम आहे, तो फक्त दुसऱ्यांसाठी ठेवायचा का?

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला गाठून सांगितलं, तुझा प्रश्न बरोबर होता, काल आम्ही चुकलो. ती म्हणाली, "मग काकी, तुम्ही सामायिक सोडणार का?" मी म्हटलं, नाही गं. सूर्य एक असो की दोन, मुंगीवर पाय पडला तर तिला दुखतंच. पण सामायिक करते म्हणून सूर्य दोन, असं आता म्हणणार नाही.