सहा विजय, आठ भाग आणि हरवलेली मुंबई

'क्रिकेट फीव्हर: मुंबई इंडियन्स' ही मालिका नेटफ्लिक्सवर १ मार्च २०१९ रोजी आली. एकूण आठ भाग, विषय २०१८चा आयपीएल हंगाम. त्या वर्षी गतविजेती मुंबई चौदापैकी सहाच सामने जिंकली आणि पाचव्या क्रमांकावर राहून प्लेऑफआधीच बाहेर पडली. कॅमेरे आत सोडले तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चषक असणार. हाती आला तो पराभव, आणि मालिका बघण्यासारखी झाली ती त्यामुळेच.

त्या हंगामाची सुरुवात आठवा. चेन्नईविरुद्ध एका विकेटने हार. हैदराबादविरुद्ध पुन्हा एका विकेटने, तीही शेवटच्या चेंडूवर. मग दिल्लीविरुद्ध १९४ धावा करूनही शेवटच्या चेंडूवर हार. पुढे तर वानखेडेवर ११९ धावांचा पाठलाग करताना सगळा संघ ८७वर बाद! हे सगळं आपण तेव्हा टीव्हीवर पाहिलंच होतं. मालिका आपल्याला नेते ती सामना संपल्यानंतरच्या खोलीत.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे ती खोली लगेच ओळखीची वाटली. रिलीज फसली की दुसऱ्या दिवशी आमच्याकडेही अशीच मीटिंग होते. सगळे गप्प, आवाज खाली, आणि एक जण शांतपणे 'प्रोसेसवर विश्वास ठेवा' सांगणारा. प्रशिक्षक जयवर्धने आणि कर्णधार रोहित शर्मा यांना हरलेल्या माणसांशी बोलताना बघणं, हा या मालिकेतला सगळ्यात खरा ऐवज आहे.

पण आमच्या मीटिंगमध्ये जो प्रश्न सगळे टाळतात, तो मालिकाही टाळते: हे ठरवलं कोणी? उदाहरणार्थ, पोलार्ड. फॉर्म गेला म्हणून त्याला हंगामाच्या मध्यात वगळलं. परतल्यावर त्याने पंजाबविरुद्ध २३ चेंडूंत ५० धावा ठोकल्या आणि मुंबई तीन धावांनी जिंकली. मग त्याला बसवणं चुकलं, की बसवल्यामुळेच तो पेटला? यावर कचकचीत भांडण होऊ शकतं. मला ते पडद्यावर हवं होतं. इथे मात्र निर्णय पावसासारखे येतात, कोणीच ते घेतलेले नसतात. कारण साधं आहे. संघाच्या मालक घराण्यातले आकाश अंबानी स्वतःच या गोष्टीतलं एक पात्र आहेत. ज्यांच्या परवानगीने कॅमेरा आत आला, त्यांच्यावर तो रोखणार कसा?

परवानगी घेऊनही वेगळं काही करता येतं. त्याच नेटफ्लिक्सवर डिसेंबर २०१८मध्ये 'संडरलँड टिल आय डाय' आली होती. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतला फुटबॉल क्लब, २०१७-१८चा हंगाम, शेवटी तळाला जाऊन तिसऱ्या श्रेणीत घसरगुंडी. तिथे पहिल्याच भागात लोक चर्चमध्ये संघासाठी प्रार्थना करतात. क्लबच्या स्वयंपाकघरातल्या बायका दिसतात, टॅक्सीवाला बोलतो. संघ हरला की शहराचं काय होतं, ते कळतं. 'क्रिकेट फीव्हर'मधला एकही चाहता मला आज आठवत नाही. आठवते ती फक्त निळी गर्दी.

आणि गोष्टी तर पायाशी पडल्या होत्या. त्या वर्षी प्लेऑफची चौथी जागा १४ गुणांवर राजस्थानला मिळाली. मुंबईचे १२ गुण होते आणि नेट रनरेट राजस्थानपेक्षा चांगला. आणखी एक विजय पुरला असता. राजस्थानचा कर्णधार होता अजिंक्य रहाणे, डोंबिवलीत वाढलेला, लोकलमधून किट घेऊन सरावाला जाणारा. त्याची आयपीएलही मुंबई इंडियन्सकडूनच सुरू झाली होती. रोहित बोरिवलीला आजी-आजोबांकडे वाढला, पण त्याचे आईवडील डोंबिवलीत एका खोलीत राहायचे आणि तो सुट्टीला त्यांच्याकडे यायचा. म्हणजे डोंबिवली स्टेशन माहीत असलेल्या दोन कर्णधारांमध्ये ती जागा ठरली. यावर एक अख्खा भाग झाला असता.

ठाणे-कल्याणकडच्या आपल्या पत्त्यात मुंबई येत नाही. तरी रात्रीचा सामना संपवून, चर्चगेटहून निघून, दादरला गाडी बदलून शेवटच्या लोकलसाठी धावणारे आपणच असतो. लिलावात दरवेळी नवे चेहरे विकत घेणारा संघ आपल्याला 'आपला' का वाटतो? 'मुंबई' हे नाव मिरवणाऱ्या मालिकेने निदान हा प्रश्न तरी विचारायला हवा होता.

मालिका आल्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, १२ मे २०१९ला, मुंबईने चेन्नईला एका धावेने हरवून चषक जिंकला. शेवटचा चेंडू टाकला मलिंगाने. २०१८च्या लिलावात त्याला कोणीच घेतलं नव्हतं, तो हंगाम त्याने मुंबईचा गोलंदाजी मार्गदर्शक म्हणून काढला होता. आता हे माहीत असताना मालिका बघाल, तर नजर मैदानापेक्षा डगआउटकडे जास्त ठेवा. दिग्दर्शकाने तिथे थोडा जास्त वेळ थांबायला हवं होतं.