असईच्या तोफा : एक आक्षेप

वाटूर ज्या जालना जिल्ह्यात मोडते, त्याच जिल्ह्याच्या उत्तर भागात असईचे रणक्षेत्र आहे. तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने ९८ तोफा हस्तगत केल्या. त्यावरून मराठ्यांचा तोफखाना निरुपयोगी होता असे जे अनुमान काढण्यात येते, ते आम्हांस ग्राह्य वाटत नाही. याच तोफांनी इंग्रजी तोफांचे बैल लोळविले व इंग्रजांची सुमारे १,६०० माणसे मृत, जखमी वा बेपत्ता झाली. गोलंदाज जागचे हटले नाहीत. उणीव होती ती पाठराखणीची. मराठी घोडदळ बहुतांशी अलिप्तच राहिले.

१९४५ साली जर्मनांच्या ‘यागटीगर’ या अवजड रणगाडाविध्वंसकाचीही गत अशीच झाली. १२८ मिलिमीटरची त्याची तोफ समोरून दुर्धर. परंतु फिरता बुरूज नसल्याने बाजूच्या शत्रूवर नेम धरण्यास सारे धूड वळवावे लागे. अननुभवी शिपायांनी वळताना शत्रूस कूस दाखविली व गाडी गमावली, असा प्रसंग ओटो कारिउसने आठवणींत नमूद केला आहे.

सबब जड तोफेची परीक्षा करताना तिची बगल कोण राखीत होते, हे प्रथम पाहावे. दप्तरांत तोफांची संख्या आढळल्यास बैल व राखणीचे स्वार यांचे आकडेही संग्राहकांनी टिपावेत, अशी आमची विनंती आहे.