चाहत्यांची वाणी : हॉलिवूडच्या अभिजात चित्रपटांवरील प्रेमाचे भाषिक रूप

१

एखाद्या कलावंतावर प्रेम करणे ही एक गोष्ट आहे आणि ते प्रेम दुसऱ्यापाशी बोलून दाखविणे ही दुसरी. पहिलीचा विचार मानसशास्त्राने करावा. दुसरीचा विचार भाषेच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. हॉलिवूडच्या अभिजात काळातील चित्रपट आणि नटनटी यांच्या चाहत्यांविषयी १९३३ पासून जे अभ्यासपूर्ण लेखन झाले आहे, त्यात या दोन गोष्टींची गल्लत वारंवार झालेली आढळते. चाहता जे बोलतो ते त्याच्या मनाचे थेट प्रतिबिंब होय, असे गृहीत धरले जाते. तो ते कोणापुढे बोलतो, हा प्रश्न मागे राहतो. वास्तविक या वाणीचे मर्म त्याच प्रश्नात आहे.

इंग्रजीतील ‘फॅन’ हा शब्द ‘फॅनॅटिक’ या शब्दाचा संक्षेप मानला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बेसबॉलच्या खेळाच्या वेड्या प्रेक्षकांसाठी तो रूढ झाला आणि पुढे चित्रपटाच्या प्रेक्षकाकडे आला. त्याच्या मुळाशी देवालय या अर्थाचा ‘फानुम’ हा लॅटिन शब्द आहे. म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘फॅन’ हा देवळातला माणूस ठरतो. मराठीत याच अर्थक्षेत्रात भक्त, चाहता आणि रसिक असे तीन शब्द आहेत, आणि त्यांतील भेद उपयुक्त आहे. भक्ताला आपल्या प्रेमाचे कारण कोणी विचारीत नाही. चाहत्याला विचारले तर तो सांगतो. रसिकाला मात्र ते सांगावेच लागते. किंबहुना कारण सांगता येणे हेच त्याच्या रसिकतेचे लक्षण होय. चाहत्याचे प्रेम दुसऱ्या चाहत्यापुढे उच्चारले गेले, की त्याला कारणे जोडावी लागतात, तपशील द्यावे लागतात, आणि त्या तपशिलांतील चूक कोणी दाखविली तर ती मान्य करावी लागते. रसिकतेचा प्रारंभ येथे होतो. हॉलिवूडच्या चाहत्यांची वाणी या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

२

चित्रपटाच्या अगदी आरंभीच्या वर्षांत अमेरिकन चित्रसंस्था नटनटींची नावे प्रसिद्ध करीत नसत. फ्लॉरेन्स लॉरेन्स ही अभिनेत्री प्रेक्षकांना केवळ ‘बायोग्राफची मुलगी’ म्हणून ठाऊक होती. ती कार्ल लेम्लीच्या संस्थेत गेल्यावर मार्च १९१० मध्ये त्याने, तिच्या मृत्यूची वार्ता खोटी असल्याचे सांगणारी जाहिरात छापली आणि तिचे नाव सर्वतोमुखी केले. तारकापद्धतीच्या इतिहासात या जाहिरातीला मोठे स्थान दिले जाते. परंतु त्यापूर्वीच प्रेक्षक चित्रसंस्थांना पत्रे लिहून ‘ही कोण?’ अशी पृच्छा करू लागले होते, याकडे तितकेसे लक्ष दिले जात नाही. चाहत्याच्या वाणीचे पहिले वाक्य हे स्तुतीचे नसून प्रश्नाचे होते.

१९११ मध्ये निघालेल्या ‘मोशन पिक्चर स्टोरी मॅगझिन’ आणि ‘फोटोप्ले’ या मासिकांनी त्या प्रश्नाला घर मिळवून दिले. पहिल्या मासिकात ‘आन्सर मॅन’ या टोपणनावाने वाचकांच्या शंकांना उत्तरे दिली जात. एका वाचकाने खाजगीरीत्या विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हजारो वाचकांसमोर छापले जाई. त्यामुळे कुतूहल हा सामुदायिक व्यवहार बनला. मुंबईत १९३५ पासून बाबूराव पटेल यांनी चालविलेल्या ‘फिल्मइंडिया’तील वाचकांच्या प्रश्नोत्तरांचे सदर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या प्रकाराची ताकद वेगळी सांगावयास नको. ‘फोटोप्ले’ने पुढे १९२० सालच्या चित्रपटांपासून वाचकांच्या मतांवर उत्कृष्ट चित्रपटाला पदक देण्याचा उपक्रम सुरू केला आणि ते पहिले पदक फ्रँक बोर्झेगी दिग्दर्शित ‘ह्युमोरेस्क’ला मिळाले. वाचक आता विचारीत नव्हता; निवड करीत होता.

यापुढचा टप्पा अधिक लक्षणीय आहे. १९२५ मध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयर या संस्थेने आपल्या ल्युसिल ल सूर नावाच्या नव्या नटीसाठी ‘मूव्ही वीकली’ या नियतकालिकातून नाव सुचविण्याची स्पर्धा जाहीर केली, आणि तीतून ‘जोन क्रॉफर्ड’ हे नाव निघाले. स्पर्धेचा हेतू उघड व्यापारी होता. तरीही नाव ठेवणे हा आप्तांचा अधिकार असतो, आणि तो येथे अनोळखी वाचकांच्या हाती दिला गेला, हे विसरता येत नाही.

३

या वाणीच्या अभ्यासाची परंपरा पाहता तीन ग्रंथ विशेष महत्त्वाचे ठरतात. हर्बर्ट ब्लूमर यांचा ‘मूव्हीज अँड कंडक्ट’ (१९३३) हा पहिला. तरुण पिढीवर चित्रपटांचा काय परिणाम होतो, या चिंतेतून निघालेल्या पेन फंड संशोधनमालेचा तो भाग होता. विद्यार्थ्यांकडून त्यांच्या चित्रपटविषयक अनुभवांची आत्मवृत्ते लिहवून घेऊन ब्लूमर यांनी त्यांवरून निष्कर्ष काढले. सामग्री मोलाची आहे. पण ती शिक्षणसंस्थेच्या मागणीवरून लिहिलेली आहे, आणि मागणीवरून लिहिणारा लेखक मागणाऱ्याला काय हवे याचा अदमास घेतोच. त्या आत्मवृत्तांत कबुलीजबाबाचा जो सूर वारंवार उमटतो, तो चित्रपटाने निर्माण केला की प्रश्न विचारणाऱ्याने, हे वेगळे करून पाहणे आवश्यक होते.

जे. पी. मेयर यांनी ‘पिक्चरगोअर’ या ब्रिटिश साप्ताहिकाच्या वाचकांना आवाहन करून मिळविलेली पत्रे ‘ब्रिटिश सिनेमाज अँड देअर ऑडियन्सेस’ (१९४८) या ग्रंथात छापली. येथे परिस्थिती बदलते. पत्रलेखकांना आपले पत्र कोणत्या साप्ताहिकाच्या वाटेने जाते हे ठाऊक होते, आणि त्या साप्ताहिकाचे वाचक हेच त्यांचे गणगोत होते. म्हणून या पत्रांत आवडीनिवडींच्या याद्या आहेत, मतभेद आहेत, एखाद्या नटावर अन्याय होतो अशी तक्रार आहे. मेयर मात्र समाजशास्त्रीय पुरावा म्हणूनच ती वाचतात. त्यांतील संवाद त्यांना ऐकू येत नाही.

जॅकी स्टेसी यांचा ‘स्टार गेझिंग’ (१९९४) हा या तिहींत सर्वांत सूक्ष्म ग्रंथ होय. चाळीस आणि पन्नास या दशकांतील हॉलिवूडच्या तारका आठवणाऱ्या ब्रिटिश स्त्रियांची साडेतीनशेहून अधिक पत्रे त्यांनी मिळविली. भक्ती, पूजा, तिच्यासारखे व्हावेसे वाटणे, तिची केशरचना उचलणे, अशा प्रेमाच्या निरनिराळ्या अवस्था त्यांनी वेगळ्या केल्या, आणि स्मृती ही स्वतःच घडविलेली वस्तू असते याचे भान राखले. तथापि त्यांच्या वर्गीकरणाच्या मध्यभागी प्रेक्षक स्त्री आणि पडद्यावरची तारका हे दोनच बिंदू आहेत. शेजारच्या खुर्चीवरची मैत्रीण पत्रांत येते, पण वर्गीकरणात तिला स्वतंत्र जागा मिळत नाही. चाहत्याचे वाक्य तारकेविषयी असते आणि मैत्रिणीला उद्देशून असते. यातील दुसरा संबंध सिद्धान्तात आल्यावाचून या वाणीचे स्वरूप पुरते कळणार नाही.

४

हा संबंध भाषेच्या लहान लहान खुणांतून प्रकट होतो. बेट्टी डेव्हिसच्या नावाचे उदाहरण घ्यावे. इंग्रजीतील लेखन पाहून त्याचा उच्चार ‘बेट’ असाही करता येतो. प्रत्यक्षात तो ‘बेट्टी’ असा आहे. हा उच्चार ज्याला ठाऊक, तो आतला. ज्याला नाही, तो नवखा. हंफ्री बोगार्टला ‘बोगी’ किंवा जॉन वेनला ‘ड्यूक’ म्हणणे हेही असेच आहे. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा भेद उरलेला नसल्यामुळे जवळीक दाखविण्याचे काम या लाडक्या नावांना करावे लागते. मराठीत तेच काम वचनाने होते. देव, आई आणि आवडता कलावंत यांच्याविषयी बोलताना मराठी माणूस आदरार्थी अनेकवचन बाजूला ठेवतो. ‘गार्बो हसतात’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण ते चाहत्याचे नव्हे.

‘गार्बो हसते’ हे वाक्य येथे मुद्दाम घेतले आहे. १९३० च्या ‘अॅना क्रिस्टी’ची जाहिरात ‘गार्बो बोलते’ अशा दोन शब्दांत झाली होती आणि १९३९ च्या ‘निनोच्का’ची ‘गार्बो हसते’ अशा दोन शब्दांत. केवळ आडनाव, वर्तमानकाळ, आणि उद्गार. हे व्याकरण चित्रसंस्थेने चाहत्यांच्या बोलण्यातून उचलले, असे मानण्यास जागा आहे. परंतु त्यानंतर जे घडते ते अधिक अर्थपूर्ण आहे. गार्बोचे चित्रपट पुन्हापुन्हा पाहणारे चाहते आजही आवर्जून सांगतात, की ती ‘निनोच्का’पूर्वीही हसली होती, रूबेन मामुलियन यांच्या ‘क्वीन क्रिस्टिना’त (१९३३) ती मनमोकळी हसताना दिसते. म्हणजे जाहिरातीचे विधान चाहत्यांच्या परीक्षेत टिकत नाही, आणि ती परीक्षा प्रेमानेच शक्य केलेली असते. ज्याने एकदाच पाहिले त्याला हे हसू स्मरत नाही; ज्याने दहा वेळा पाहिले आणि दहा जणांशी बोलला, त्याला ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

त्याच चित्रपटाचा शेवट हे दुसरे उदाहरण होय. जहाजाच्या टोकाशी उभ्या असलेल्या राणीच्या निर्विकार चेहऱ्यावर कॅमेरा स्थिरावतो. मनात काहीही आणू नये, अशी सूचना मामुलियन यांनी गार्बोला दिली होती, हे प्रसिद्ध आहे. एका प्रेक्षकाला तेथे शोक दिसतो, दुसऱ्याला निश्चय, तिसऱ्याला केवळ थकवा. एकट्याने पाहिले तर यांतील एकच अर्थ हाती लागतो. चेहरा कोरा होता, हे कळण्यासाठी निदान दोन चाहत्यांचे न जुळणारे अर्थ एकत्र यावे लागतात.

५

मौखिक परंपरेत पाठभेद निर्माण होतात, हा मराठीच्या अभ्यासकाला परिचित असलेला नियम येथेही लागू पडतो. बोगार्ट जानेवारी १९५७ मध्ये निवर्तला आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील ब्रॅटल चित्रपटगृहात ‘कासाब्लांका’ (१९४२) दाखविला गेला. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी पुढे परीक्षेच्या दिवसांत तो पाहण्याची प्रथाच पाडली, आणि त्यातील संवाद प्रेक्षागृहातून पडद्याबरोबर म्हटले जाऊ लागले. या चित्रपटातील म्हणून जगभर सांगितले जाणारे एक वाक्य, सॅमला ते गाणे पुन्हा वाजविण्यास सांगणारे, त्या रूपात चित्रपटात कोठेही नाही. वाजविण्याची विनंती आहे, आज्ञा आहे. ‘पुन्हा’ हा शब्द नाही. वुडी अॅलन यांच्या १९६९ च्या नाटकाने, आणि त्यावरून १९७२ मध्ये निघालेल्या चित्रपटाने, हाच पाठ आपल्या शीर्षकात घेतला आणि तो कायम झाला. पदरचा घातलेला शब्द नेमका ‘पुन्हा’ हा असावा, हे अर्थपूर्ण आहे: तो पात्रांच्या गरजेपेक्षा प्रेक्षकांच्या गरजेतून आलेला दिसतो. उंबेर्तो एको यांनी या चित्रपटावरील निबंधात म्हटले आहे, की पंथ निर्माण करणारी कलाकृती तुकड्यांत मोडता येण्याजोगी असावी लागते. हे खरे असले तरी अपुरे आहे. तुकडे मोडणे हा कृतीचा गुण असेल. ते जुळवून सांगणे, चुकीचे जुळले तर दुरुस्त करणे, हे बोलणाऱ्यांचे कार्य आहे. चुकीचा पाठ चाहत्यांत रूढ झाला आणि त्याची चूकही चाहत्यांनीच चव्हाट्यावर आणली, या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

६

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. हे सारे प्रेम चित्रसंस्थांच्या प्रसिद्धिखात्यांनी घडविलेले होते. तेव्हा चाहत्याच्या वाणीला स्वतःचे असे काय उरते? आक्षेपात तथ्य आहे, पण तो संपूर्ण सत्य नव्हे. प्रेम हुकमी घडविता आले असते, तर मे १९३८ मध्ये स्वतंत्र चित्रपटगृहमालकांच्या संघटनेला, कॅथरिन हेपबर्न, गार्बो, क्रॉफर्ड इत्यादी तारका तिकीटखिडकीला विषासमान झाल्या आहेत, अशी जाहिरात द्यावी लागली नसती. पुढे ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ने (१९४०) हेपबर्नला मिळवून दिलेले यशही कोणा मालकाच्या हुकमाने आले नाही.

खरा आक्षेप वेगळा आहे. समुदाय ज्याप्रमाणे काय बोलावे हे ठरवितो, त्याचप्रमाणे काय बोलू नये हेही ठरवितो. ‘गॉन विथ द विंड’मधील भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियल हिला २९ फेब्रुवारी १९४० रोजी ऑस्कर मिळाले, ते मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. हे वाक्य चाहत्यांच्या बोलण्यात अभिमानाने येते. त्या समारंभात तिला आपल्या सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या मेजावर बसविले होते, हे दुसरे वाक्य दीर्घकाळ त्याच्या जोडीने येत नसे. ‘द गुड अर्थ’ (१९३७) या चिनी शेतकऱ्यांच्या कथेत नायिकेची भूमिका अॅना मे वाँगला न मिळता लुईझ रायनरला मिळाली आणि तिने त्यासाठी ऑस्कर जिंकले. रायनरच्या अभिनयाची स्तुती करणाऱ्याने वाँगचे नाव घेणे म्हणजे रसभंग, असे मानणारा चाहता भक्तच राहतो. स्तुती मागे न घेता जो ते नाव घेतो, त्याची वाणी समीक्षेची होते. वाँगची प्रतिमा २०२२ मध्ये अमेरिकेच्या पाव डॉलरच्या नाण्यावर आली. परंतु तिच्या हातून गेलेल्या भूमिकेची आठवण शासकीय गौरवाच्या पुष्कळ आधीपासून तिच्या चित्रपटांवर प्रेम करणाऱ्यांनी जागती ठेवली होती.

या वाणीवाचून काय हरवते, याचे मोजमापही उपलब्ध आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डेव्हिड पिअर्स यांच्या पाहणीनुसार, १९१२ ते १९२९ या काळातील सुमारे अकरा हजार अमेरिकन मूक कथापटांपैकी अवघे १४ टक्के आपल्या मूळ रूपात शिल्लक आहेत. थीडा बाराचा ‘क्लिओपात्रा’ (१९१७) काही क्षणांच्या तुकड्यांखेरीज नष्ट झाला आहे. त्याच्याविषयी आज जे बोलता येते, ते छायाचित्रे, मासिकांचे अंक आणि पाहणाऱ्यांनी लिहून ठेवलेले शब्द यांच्या आधारावरच. अशा ठिकाणी चाहत्याने केवळ ‘ती अद्वितीय होती’ एवढेच लिहिलेले असेल, तर पुढच्या वाचकाच्या हाती काही पडत नाही. तिने मान कशी वळविली, कोणत्या प्रसंगी प्रेक्षागृह हसले, कोणाला ते मुळीच आवडले नाही, हे ज्याने लिहिले, त्याच्या शब्दांतूनच त्या नष्ट पटाचा थोडाफार अंदाज बांधता येतो. चाहत्यांच्या लेखनाकडे भाषेच्या आणि साहित्याच्या अभ्यासकांनी पाहावयाचे ते याच कसोटीने: त्यात प्रेम किती आहे यापेक्षा, ते प्रेम दुसऱ्याला तपासता येईल अशा शब्दांत उतरले आहे की नाही.