झाडीपट्टीची रंगभूमी: नायकाला बोली कधी मिळणार?

मराठी रंगभूमीचा आढावा घेणारे बहुधा मुंबई-पुण्याहून निघतात आणि नागपूरला येऊन थांबतात. नागपूरच्या पूर्वेला आणि दक्षिणेला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख, म्हणजेच झाडीपट्टी, आहे. छत्तीसगड आणि तेलंगणा त्याला लागून आहेत. झाडीबोली, गोंडी आणि छत्तीसगढी बोलणारी माणसे इथे एकाच बाजारात भेटतात. राज्याच्या या काठावर तिकिटाच्या पैशांवर जगणारी रंगभूमी उभी आहे. तिचे कौतुक अलीकडे होऊ लागले आहे, पण समीक्षा अजून व्हायची आहे.

धानाची कापणी झाली की मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस येतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक, अशी अनेक गावांची रीत आहे. घरोघरी पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात. गावातले मंडळ देसाईगंजच्या, म्हणजे वडसाच्या, एखाद्या नाटक कंपनीशी प्रयोग ठरवते. दिवाळीपासून होळीपर्यंत कलावंत रोज नव्या गावी असतात. रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते आणि वादक मंचाशेजारी बसून साथ करतात. झाडीपट्टीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ साली मिळालेली पद्मश्री हा या साऱ्या कष्टांचा सन्मान होता. तृषांत इंगळे यांच्या ‘झॉलीवूड’ या २०२२ सालच्या चित्रपटाने हे जग बाहेरच्या प्रेक्षकांपुढे आणले.

या नाटकाच्या मुळाशी दंडार आणि खडी गंमत हे लोकनाट्यप्रकार आहेत. शेतकरीच तिथे गायचे, नाचायचे आणि आपल्याच बोलीत सोंग वठवायचे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दंडारीचा आणि झाडीबोलीचा अभ्यास करून या परंपरेला अभ्यासविषयाची प्रतिष्ठा मिळवून दिली. आजच्या मंचावर मात्र ही बोली आक्रसली आहे. नायक, नायिका, वकील, पाटील पुस्तकी मराठी बोलतात, तर झाडीबोली बहुतेक वेळा विनोदी नोकराच्या वाट्याला येते. समोर बसलेला प्रेक्षक घरी जी भाषा बोलतो, ती इथे हसण्यापुरती उरते. त्यागमूर्ती सून, दुष्ट सावकार आणि शेवटचा न्याय ही चौकट चित्रपटांतून आली आणि पक्की झाली. वनहक्क, स्थलांतर, खाणी हे याच मुलखाचे प्रश्न, पण त्यांना अशा चौकटीत जागा सापडत नाही.

बोलीत गंभीर नाटक चालत नाही, हा युक्तिवाद टिकणारा नाही. नागपूरकर महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’तल्या देशपांड्यांच्या घराने वऱ्हाडी वळणाच्या बोलीत साऱ्या घराण्याची पडझड पेलली. दूरचे उदाहरण घ्यायचे तर १९६५ साली कॅलिफोर्नियात लुईस वाल्देझ यांनी संपावरच्या शेतमजुरांना घेऊन ‘एल तेआत्रो काम्पेसिनो’ हे नाट्यपथक उभे केले. मेक्सिकन वंशाचे हे मजूर ट्रकच्या पाठीवर इंग्रजी-स्पॅनिश मिसळलेल्या आपल्या भाषेत मालक आणि मुकादम रंगवत. त्या मिसळीला त्यांनी उणेपण मानले नाही. अमेरिकी नाट्यइतिहासाला पुढे त्यांची दखल घ्यावी लागली.

झाडीपट्टीकडे तर त्यांच्यापेक्षा मोठे भांडवल आहे: दर हिवाळ्यात थंडीत रात्रभर जागणारा, तिकीट काढून येणारा प्रेक्षक. मुंबईच्या निर्मात्यालाही हेवा वाटावा असा हा प्रेक्षक. तो नवे स्वीकारणार नाही, असे गृहीत धरणे हा त्याचा अपमान आहे. कंपन्यांची अडचण खरी आहे. हंगाम तुटपुंजा, तालमीला वेळ कमी आणि एक प्रयोग पडला तर नुकसान मोठे. म्हणून धोका पत्करण्याचे ओझे एकट्या त्यांच्यावर टाकता येणार नाही. नागपूरच्या नाट्यसंस्थांनी आणि गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने इथल्या संहिता मिळवून छापाव्यात, ध्वनिमुद्रणे जपावीत, बोलीत लिहिणाऱ्यांना मानधन द्यावे. त्याच्या जोरावर कंपन्यांनी हंगामात निदान एक नाटक असे करावे, ज्यात नायिका रडेल, भांडेल आणि निर्णय घेईल ती झाडीबोलीतच.