वायरला भूक नसते
अक्कलकोटच्या वटवृक्ष मंदिरात वडाला हात जोडत वाढलो, त्यामुळे झाडाला आई म्हणणं मला परकं नाही. तरी सुझान सिमार्ड यांच्या ‘फाइंडिंग द मदर ट्री’ (२०२१) या पुस्तकात मी तिथेच अडलो. बर्च आणि डग्लस फर एकमेकांना कार्बन देतात, हे त्यांनी १९९७ साली मोजून दाखवलं. त्याच संशोधनातल्या सहलेखिका मेलनी जोन्स यांनी २०२३ साली दोन सहकाऱ्यांसह लिहिलं, की मोठं झाड मुळांवरच्या बुरशीतून स्वतःच्याच रोपांना झुकतं माप देतं, याला जंगलातला पुरावा नाही. मी सॉफ्टवेअरवाला, वायरला भूक नसते. बुरशीला असते. ती साखर घेते, फॉस्फरस देते. आमच्याकडच्या ज्वारीच्या मुळांत बुरशी वेगळी, सौदा तोच. ‘आई’च्या गोष्टीत हा भुकेला भागीदारच हरवतो.