कोळ्याचा दंश आणि कैद्याचे नख : एका वृत्तान्ताचे परीक्षण

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांच्या साप्ताहिकात ऑक्टोबर २००३ मध्ये जॉर्जिया, कॅलिफोर्निया व टेक्सास येथील तुरुंगांविषयी प्रसिद्ध झालेला वृत्तान्त जंतुशास्त्राच्या अभ्यासकांस परिचित आहे. मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरिअस या जंतूने २००१ ते २००३ या काळात तेथील कैद्यांच्या अंगावर जी गळवे उठविली, त्यांची ती हकीकत होय. असे जंतू ब्रिटनमध्ये प्रथम आढळले १९६१ साली. पुढे दीर्घकाळ हा रुग्णालयांतील रोग मानला जाई. रुग्णालयाच्या भिंती ओलांडून तो दुसऱ्या भिंतींआड कसा फोफावला, हे दाखविण्यात या लेखनाचे मोल आहे.

लॉस एंजेलिस परगण्याच्या तुरुंगात २००२ मध्ये ९२८ कैद्यांच्या जखमांत हा जंतू सापडला. आरंभी ही दुखणी ‘कोळी चावल्या’ची म्हणून नोंदली जात. पुवाची तपासणी होताच बिचारा कोळी निर्दोष ठरला! निदानातील ही चूक वृत्तान्त प्रांजळपणे सांगतो.

परंतु जॉर्जियाच्या कैद्यांकडे वळताच त्याची विवेचकता मंदावते. कैदी आपली व एकमेकांची गळवे नखांनी वा चिमट्याने फोडीत, हे रोगप्रसाराचे एक कारण म्हणून दिले आहे. वैद्याकडे जाण्यासाठी कैद्यास पदरचे शुल्क द्यावे लागे, हेही सांगितले आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या. मात्र त्या एकाच यादीतील शेजारच्या बाबी म्हणून येतात, कार्य व कारण म्हणून नव्हे. वस्तुतः अशा गळवावरील मुख्य उपचार म्हणजे ते शस्त्राने फोडून पू काढणे हाच होय. म्हणजे कैदी करीत होता तो उपचारच, फक्त निर्जंतुक शस्त्राच्या जागी त्याच्यापाशी नख होते. त्यास केवळ घाणेरडी सवय म्हणणे म्हणजे कोळ्यावरील आळ कैद्यावर ढकलणे होय.

‘अस्वच्छता’ हा शब्दही असाच फसवा आहे. घरी राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो त्याच्या वर्तनाविषयी काही सांगतो. तुरुंगात मात्र साबण किती मिळावा, चादरी कोणत्या पाण्यात धुवाव्यात व एका खोलीत किती जणांस निजवावे, हे कैद्याच्या हाती नसते. त्या यादीतील किती बाबींचा कर्ता खरोखर कैदी आहे, हे विद्यार्थ्यांनी एकदा वाक्यावाक्याने तपासून पाहावे.